मोटारीतला उपग्रह-नकाशा आणि रेडिओ : पैसे कशाला मोजावे ?



उसाचे बिल बँकेत जमा झाले की पुष्कळ घरांत मोटारीचा विषय निघतो. कुणी पहिली मोटार घेतो, कुणी जुनी देऊन नवी. शोरूममध्ये गेल्यावर एकाच मोटारीची चार-पाच मॉडेले पुढे येतात आणि विक्रेता हळूच म्हणतो, “दादा, थोडेसेच पैसे जास्त, पण मोठा पडदा, नकाशा, रेडिओ, सगळं आत.” मुलाचे मत पडते की घ्यायचे तर वरचेच घ्या. वडील म्हणतात, “आजवर पंढरपूरला काय नकाशा बघून गेलो का ?” दोघांच्या म्हणण्यात थोडे थोडे तथ्य आहे. म्हणून या दोन वस्तू काय आहेत, कशा चालतात, कुठे उपयोगी पडतात आणि कुठे घात करतात, याचा विचार या लेखात करू.

निष्कर्ष आधीच सांगून ठेवतो. वाट दाखवणारा नकाशा अवश्य वापरावा, पण केवळ त्यासाठी मोटारीचे महाग मॉडेल घेऊ नये. तो आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहेच. रेडिओ मात्र मोटारीत असावा. आणि या दोहोंच्या आधी सुरक्षिततेच्या साधनांवर पैसा खर्च करावा. आता याची कारणे पाहू.

उपग्रह वाट दाखवत नाही, जागा सांगतो

मोजणीदार शेतात येतो तेव्हा काय करतो ? आधी दोन-तीन पक्क्या खुणा शोधतो : हद्दीचा दगड, विहीर, जुना बांध. त्या खुणांपासून अंतर धरून तो आपला बांध नेमका कुठे ते काढतो. उपग्रहाचे गणित असेच आहे. फरक एवढाच की इथे पक्क्या खुणा जमिनीवर नसून आकाशात आहेत.

अमेरिकेने ही व्यवस्था, म्हणजे जी.पी.एस., आपल्या सैन्यासाठी उभी केली. पहिला उपग्रह १९७८ साली गेला आणि १९९५ साली २४ उपग्रहांची साखळी पूर्ण कामाला लागली. हे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह सारखा सांगत असतो, “मी अमुक जागी आहे आणि आता इतके वाजले.” हा संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, खाली येतो. डोक्यावरच्या उपग्रहापासून आपल्यापर्यंत पोचायला त्याला सेकंदाचा साधारण पंधरावा हिस्सा लागतो. संदेशाला किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर काढते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली की जागा कळते. चौथा उपग्रह लागतो तो आपल्या यंत्राच्या साध्या घड्याळाची चूक दुरुस्त करण्यासाठी. कारण सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी जागा ३०० मीटरने चुकते. म्हणूनच उपग्रहात अणुघड्याळे बसवलेली असतात.

आपल्या देशाचीही अशी व्यवस्था आहे. इस्रोने १ जुलै २०१३ रोजी पहिला उपग्रह सोडला आणि एप्रिल २०१६ पर्यंत सात उपग्रह वर गेले. या व्यवस्थेला ‘नाविक’ हे नाव मिळाले. पुढे त्यांतील काही उपग्रहांची अणुघड्याळे बिघडली, म्हणून मे २०२३ मध्ये नव्या पिढीचा उपग्रह सोडण्यात आला. त्यात स्वदेशी अणुघड्याळही बसवले होते. सारा खेळ घड्याळाचा आहे, तो असा.

मे २००० पूर्वी अमेरिका नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जाई. ती चूक मिसळणे मे २००० मध्ये बंद झाले. आज उघड्या आभाळाखाली साधा मोबाईलसुद्धा साधारण ५ मीटरपर्यंत अचूक जागा सांगतो. पण ५ मीटर म्हणजे उड्डाणपूल आणि त्याखालचा सर्व्हिस रोड यांत गोंधळ व्हायला पुरेसे अंतर आहे. शहरात आपण पुलावर असताना “डावीकडे वळा” असा आवाज येतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. बोगद्यात तर आभाळच दिसत नाही. तिथे यंत्र अंदाजावर चालते.

रेंज नसली तरी जागा कळते

पुष्कळांचा समज असा की मोबाईलला रेंज नसली म्हणजे उपग्रहाचा नकाशा बंद पडला. तसे नाही. उपग्रहाचा संदेश ऐकायला रेंज लागत नाही, रिचार्जही लागत नाही. मोबाईल तो फक्त ऐकतो, उपग्रहाला उलट काही पाठवत नाही. रेंज लागते ती नकाशाचे चित्र आणि वाहतुकीची ताजी खबर आणण्यासाठी.

म्हणून लांबच्या प्रवासाला निघण्याआधी घरीच त्या भागाचा नकाशा मोबाईलमध्ये उतरवून ठेवावा. गूगल मॅप्समध्ये ही सोय आहे. आपल्या देशातल्या मॅपल्सचा नकाशाही वापरून पाहावा. एकदा नकाशा उतरवला की घाटात रेंज गेली तरी आपली निळी टिकली रस्त्यावर सरकत राहते. मात्र पुढे कोंडी आहे का, हे रेंजशिवाय कळत नाही. कोंडीची खबर येते कुठून ? रस्त्यावरच्या इतर लोकांच्या मोबाईलवरून. पुष्कळ मोबाईल एके जागी मुंगीच्या पावलाने सरकू लागले की नकाशा तिथे लाल रेघ दाखवतो.

नकाशा कुठे घात करतो

उपग्रह जागा बरोबर सांगतो, पण वाट ठरवतो तो नकाशा. आणि नकाशा माणसांनी व गणकयंत्रांनी केलेला असतो. त्याला रस्ता म्हणजे एक रेघ. ती रेघ आज वाहती आहे की पाण्याखाली, हे त्याला कुणी सांगितले तरच कळणार.

जानेवारी २०२१ मधली गोष्ट. कळसूबाईकडे निघालेली एक मोटार रात्रीच्या वेळी नकाशाने दाखवलेल्या वाटेने अकोले तालुक्यात कोतूळजवळ पोचली. तो पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेला होता. मोटार सरळ पाण्यात गेली आणि चालकाचा बुडून मृत्यू झाला. त्या भागातल्या माणसांना तो रस्ता बंद आहे हे ठाऊक होते, नकाशाला नव्हते. तसाच प्रकार नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीच्या बाजूला झाला. रामगंगा नदीवरच्या पुलाचा पुढचा भाग पुरात पडला होता, नकाशात तो बदल झालेला नव्हता, आणि पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे जण दगावले. पुलावर अडथळा लावला नाही हा दोष नकाशाचा नव्हे, हे खरे. पण चालक जर नकाशावरच विसंबला तर तो दोष त्याच्याच जिवावर येतो.

आपल्या भागातही अशा जागा थोड्या नाहीत. ओढ्यावरचे फरशी पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातात. कॅनॉलच्या कडेचा रस्ता नकाशात दिसतो, पण तो कुठे खचला ते दिसत नाही. पाणंद रस्त्यावरून उन्हाळ्यात मोटार जाते, दोन पाऊस पडले की ट्रॅक्टरही रुततो. गाळप हंगामात कारखान्याकडे येणारा रस्ता उसाच्या वाहनांनी भरलेला असतो. अशा वेळी नकाशा ‘जवळची वाट’ म्हणून जी आडवाट काढून देतो, ती मोटारीच्या लायकीची असेलच असे नाही. त्याला अंतर आणि वेळ कळतो, चिखल कळत नाही. शिवारातली वाट विचारायची तर गटातल्या चिटबॉयला विचारावी. कुणाच्या वस्तीला कुठून ट्रक जातो आणि कुठून बैलगाडीसुद्धा जात नाही, हे तो तोंडपाठ सांगेल.

दुसरी फसगत गावांच्या नावांची. वडगाव, पिंपळगाव, निमगाव ही नावे महाराष्ट्रात किती ठिकाणी आहेत याला गणती नाही. लग्नाला निघालेले वऱ्हाड नुसते ‘वडगाव’ घालून निघाले तर भलत्याच तालुक्यात जाऊन पोचायचे. म्हणून नावापुढे तालुका व जिल्हा घालावा, आणि निघण्याआधी संपूर्ण वाट एकदा डोळ्यांखालून घालावी. कोणती मोठी गावे लागतात, कोणत्या नद्या ओलांडायच्या, हे आपल्या डोक्यात असले की यंत्र भलतीकडे वळवू लागताच आपल्याला संशय येतो.

मोटारीतला नकाशा की मोबाईलमधला ?

पूर्वी मोटारीत कायमचा बसवलेला नकाशा ही एकच सोय होती. त्याचा नकाशा जुना झाला की नवा भरून घ्यावा लागे, आणि पुष्कळ जण तो भरत नसत. नवा बायपास झाला तरी पडद्यावर मोटार शेतातून चाललेली दिसे. आता काही मोटारींत वेगळे सिमकार्ड असते आणि नकाशा आपोआप ताजा होतो. परंतु ही सेवा बहुधा पहिली काही वर्षेच किमतीत धरलेली असते, पुढे तिची वर्गणी भरावी लागते. ही गोष्ट विक्रेता आपण होऊन सांगेलच असे नाही. म्हणून किती वर्षांनी आणि किती वर्गणी, हे आधी विचारून घ्यावे.

मोबाईलमधला नकाशा फुकट आणि ताजा असतो. मोटारीत पडदा असेल तर अँड्रॉइड ऑटो किंवा अॅपल कारप्ले या सोयीने मोबाईलचाच नकाशा त्या पडद्यावर येतो. पडदा नसेल तर काही शे रुपयांचे मोबाईल धरून ठेवणारे स्टँड आणि चार्जरची वायर एवढ्यात काम भागते. स्टँड एअरबॅग उघडते त्या जागी लावू नये, आणि समोरच्या काचेतून रस्ता दिसणे अडेल असेही लावू नये. एप्रिल-मेच्या उन्हात काचेजवळचा मोबाईल तापून बंद पडतो, तेव्हा तो ए.सी.च्या झडपेजवळ लावलेला बरा.

आता पैशाचा हिशेब पाहा. समजा, नकाशा आणि मोठ्या पडद्यापायी वरचे मॉडेल ६०,००० रुपयांनी महाग पडते. बहुतेक जण मोटार कर्जावर घेतात. साडेनऊ टक्के व्याजाने पाच वर्षांचे कर्ज धरले तर या ६०,००० चा महिन्याचा हप्ता सुमारे १,२६० रुपये आणि एकूण परतफेड सुमारे ७५,६०० रुपये होते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफ.आर.पी. ठरवली होती, म्हणजे टनाला ३,५५० रुपये. त्या दराने ७५,६०० रुपये म्हणजे २१ टनांहून जास्त ऊस झाला, आणि तोही तोडणी-वाहतूक वजा न करता. खते, पाणी, मजुरी यांचा खर्च तर आणखी वेगळा. एवढा ऊस एका पडद्यात घालायचा का, हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्याची मोटार रोज परगावी भाड्याने फिरते, त्याचा हिशेब वेगळा होईल. पण ज्याची मोटार आठवड्याच्या बाजाराला, तालुक्याला, बँकेत आणि वर्षातून चार-सहा वेळा पुण्या-मुंबईला जाते, त्याला मोबाईल पुरेसा आहे.

आपली वस्ती नकाशावर आणा

या व्यवस्थेचा आपल्यासारख्यांना सर्वांत मोठा उपयोग आपण वाट शोधण्याचा नाही. दुसऱ्याने आपल्यापर्यंत पोचण्याचा आहे. आपल्यापैकी कितीतरी सभासद मळ्यात, वस्तीवर राहतात. तिथे ना गल्ली, ना घर नंबर. रात्री-अपरात्री कुणाला साप चावला, कुणाच्या छातीत कळ आली, आणि १०८ ला फोन केला तर “म्हसोबाच्या वडापासून डावीकडं, मग दोन बांध सोडून” असा पत्ता परक्या चालकाला काय कळणार ? तेव्हा दिवसाउजेडी आपल्या दारात उभे राहून मोबाईलमधली जागा जपून ठेवावी. घरातल्या प्रत्येकाला, म्हाताऱ्यांना आणि शाळेतल्या मुलांनासुद्धा, ती दुसऱ्याला कशी पाठवायची हे शिकवावे. डांबरी रस्त्यापासून वस्तीपर्यंत मोटार कोणत्या वाटेने येते, ती खूणही लिहून ठेवावी. याला एक पैसा पडत नाही, आणि अडचणीच्या वेळी दहा-पंधरा मिनिटे वाचली तर माणूस वाचतो.

रेडिओ जुना, म्हणून कुचकामी नव्हे

रेडिओ बाळगायला पोस्टातून लायसन काढावे लागे, तो काळ जुन्या सभासदांना आठवत असेल. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली. आज गाणी मोबाईलवरही ऐकता येतात, मग मोटारीत रेडिओ कशाला, असा प्रश्न तरुण सभासद विचारतात. त्याला तीन उत्तरे आहेत.

पहिले, रेडिओला पाहावे लागत नाही. हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर, आणि कान बातम्यांकडे, हवामानाकडे किंवा शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाकडे. दुसरे, त्याला रिचार्ज नाही आणि वर्गणी नाही. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, संकटात तो टिकतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता. अशा वेळी वीज जाते, मोबाईल टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात, आणि हातातला महागडा फोन नुसती टॉर्च होऊन बसतो. रेडिओचे प्रक्षेपण मात्र लांबच्या केंद्रावरून येते, आणि मोटारीतला रेडिओ मोटारीच्या बॅटरीवर चालतो. कोणता रस्ता बंद, धरणातून किती पाणी सोडले, हे घरातली वीज गेलेली असतानाही दारातल्या मोटारीत बसून ऐकता येते.

रेडिओ घेताना बँड पाहावा. एफ.एम.चा आवाज स्वच्छ, पण त्याची लहर साधारण सरळ रेषेत जाते. मध्ये डोंगर आला की खरखर सुरू होते. मीडियम वेव्हचा आवाज तितका गोड नाही, पण तो लांब पोचतो, रात्री तर आणखी लांब. आकाशवाणीचा ओढा आता बऱ्याच ठिकाणी एफ.एम.कडे आहे, तरी दोन्ही बँड असलेला रेडिओ मिळाल्यास तोच घ्यावा. काही विजेवरच्या मोटारींत मीडियम वेव्ह ठेवत नाहीत, कारण मोटारीच्या विद्युत यंत्रणेची खरखर त्यात शिरते. घेण्याआधी स्वतः लावून ऐकावे. आपल्याकडे छोटी सामुदायिक केंद्रेही आहेत, जसे म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी किंवा बारामतीची वसुंधरा वाहिनी. त्यांचा पल्ला थोड्या किलोमीटरांचाच, पण बोलणे आपल्याच मातीतले असते.

बहुतेक मोटारींच्या मधल्या मॉडेलात रेडिओ असतोच. सर्वांत खालच्या मॉडेलात नसला तर तो नंतरही बसवता येतो. मात्र वायरी कापून बसवल्यास वॉरंटीला बाध येतो का, हे आधी विचारावे.

डोळे रस्त्यावरच हवेत

ताशी ६० किलोमीटर वेगाने मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. पडद्याकडे दोन सेकंद पाहिले, म्हणजे ३३ मीटर आपण डोळे मिटून चालवले. आता गाळपाच्या दिवसांतली रात्र डोळ्यांपुढे आणा. समोर दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर चाललेला आहे, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला आहे, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला आहे. ती ३३ मीटरच जीव घेतात. म्हणून वाट निघण्यापूर्वीच लावून घ्यावी, आवाज चालू ठेवावा आणि पडद्याकडे पाहू नये. पत्ता बदलायचा असेल तर मोटार कडेला घ्यावी, नाहीतर शेजारी बसलेल्याला सांगावे. आणि ज्या सभासदांचे ट्रॅक्टर वाहतुकीला आहेत, त्यांनी रिफ्लेक्टर रोज पुसावेत व मागचा दिवा चालू ठेवावा. पडद्यात डोकावणारा चालक मागून येतच असतो.

कायदाही हेच सांगतो. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे चालवताना हातातल्या मोबाईलचा उपयोग फक्त वाट पाहण्यासाठी, आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच, करता येतो. हातात धरून बोलणे हे धोकादायक चालवणे समजले जाते आणि त्याला पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते.

खरेदीचा क्रम

मोटार घेताना पैसा या क्रमाने खर्च करावा :

१. एअरबॅग किती, मागच्या सीटवर मधल्या माणसालाही पूर्ण पट्टा आहे का, आणि भारत एनकॅपच्या धडक-चाचणीत किती तारे मिळाले. ही चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात होते.

२. चांगले दिवे, धुक्यात व पावसात मागची काच पुसणारा वायपर, आणि चांगले टायर.

३. रेडिओ, शक्य तर दोन्ही बँडचा.

४. मोबाईलसाठी स्टँड आणि चार्जर.

५. एवढे सगळे होऊन पैसा उरला, तरच मोठा पडदा.

विक्रेता हा क्रम बहुधा उलटा सांगतो, कारण पडदा डोळ्यांत भरतो आणि मागचा पट्टा कुणाच्या लक्षात येत नाही. तरी सभासद बंधूंनी शोरूममध्ये जाताना ही यादी सोबत न्यावी, आणि घरच्या मंडळींनाही वाचून दाखवावी. नव्या वस्तूला नावे ठेवण्यात शहाणपण नाही, आणि नवी दिसली म्हणून दुप्पट पैसे मोजण्यातही नाही. नकाशा मोबाईलवर ठेवावा, रेडिओ मोटारीत ठेवावा, आणि पुढे पाणी दिसले की दोन्ही बंद करून खाली उतरावे व तिथल्या माणसाला वाट विचारावी.